रोयणीवरची अळमी : घ्यावी की न घ्यावी?

आषाढातला शनिवार होता. शाळा अर्धा दिवस. फोंड्याच्या बाजारात भाजी घ्यायला वळले तर कोपऱ्यावर नेहमीची मावशी बसलेली, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ आणि पुढ्यात ओल्या गोणपाटाखाली झाकलेली टोपली. गोणपाट उचलायच्या आधीच मला वास आला. गोव्यात, कोकणात ज्यांचा जन्म गेला त्यांना हा वास सांगावा लागत नाही. पहिल्या पावसानंतरची माती, त्यात थोडा कच्च्या काजूगराचा वास मिसळला तर जसा येईल तसा. रोयणीची अळमी! सागाच्या पानात बांधलेल्या पुड्या, आणि पुडीतून डोकावणारे राखी-पांढरे कळे.

"कशी दिली, मावशी?"

"सहाशे पुडी. तुका म्हणून साडेपाचशे."

"गेल्या वर्षी चारशे होती की!"

"आवंदा मिळतात कुठे, बाय? आणि मिळाली तरी आणायची कशी?" तिने आवाज खाली घेतला. "परवा माझ्या जावेची टोपली धरली. फॉरेस्टवाल्यानं. सगळी अळमी गेली, वर समज देऊन सोडली."

मी पुडी घेतली. खोटं कशाला सांगू? सासूबाईंना अळम्यांची शाकुती प्राण. श्रावण तोंडावर आलेला, महिनाभर मासळी बंद होणार, आणि अळमी म्हणजे आमच्याकडे मासळी-मटणाच्या तोलाची भाजी. पण घरी येईपर्यंत जावेची टोपली काही डोक्यातून जाईना. भाजी विकली म्हणून कुणाला धरतात का? आणि धरत असतील तर मग विकत घेणारी मी कोण?

त्यानंतर वर्षभर मी हा विषय सोडला नाही. मी बी.ए., तेही इतिहास घेऊन. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध आठवीच्या विज्ञानाच्या तासाला बदली शिक्षिका म्हणून जाण्यापुरता. पण आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी पुस्तकं दिली, समजावून सांगितलं, आणि जे कळलं ते इतकं नवल वाटण्यासारखं होतं की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. शिवाय मध्येच हा प्रश्न माझ्या स्वतःच्या परसात येऊन उभा राहिला. ते पुढे सांगते.

कोकणीत रोयण म्हणजे वारूळ. मराठीत आपण सरसकट अळंबी म्हणतो, विदर्भाकडे वारुळावरच्या अळंबीला सात्या म्हणतात. आपण 'मुंग्यांचं वारूळ' म्हणत असलो तरी ते बांधते वाळवी. आणि ही अळंबी वारुळावर सहज म्हणून उगवत नाही. वाळवीच ती पिकवते!

सर म्हणाले, "तुम्ही दही लावता ना, तसं समजा." वाळवी वाळलेली पानं, काड्या, लाकूड कुरतडून आणते, पण त्यातला कठीण भाग तिला पचत नाही. म्हणून ती तो चावून, पोटातून काढून, जमिनीखालच्या दालनात त्याचे स्पंजासारखे पोळे रचते, आणि त्या पोळ्यांवर एका जातीची बुरशी वाढवते. बुरशी ते लाकूड मऊ करते, तिच्यावर साबुदाण्यासारखे पांढरे दाणे येतात, आणि वाळवीचं कुटुंब त्यावर जगतं. या बुरशीवाचून ही वाळवी जगत नाही आणि वाळवीवाचून ही बुरशी रानात कुठे आढळत नाही. हा संसार सुमारे तीन कोटी वर्षांचा आहे म्हणतात. (आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, त्याचंच आम्हाला केवढं कौतुक!)

या बुरशीच्या कुळाला शास्त्रात टर्मिटोमायसिस म्हणतात. रॉजेर हाईम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली हे नाव दिलं, आणि १९७९ साली आपल्या दक्षिण भारतातल्या एका जातीला त्याचंच नाव लावून हाईमी म्हटलं गेलं. आफ्रिकेत झांबियात याच कुळातली एक जात आहे, तिची छत्री जवळजवळ मीटरभर रुंद होते. एका अळंबीत आख्खी पंगत!

पावसाने जमीन भिजून गार झाली की खालच्या पोळ्यातून ही बुरशी वर यायला निघते. म्हणून रोयणीच्या अळमीला तो लांब, मुळासारखा देठ असतो, कधी हातभर खोल जाणारा. टोकाला भाल्यासारखी टोपी असते, ती माती फोडून वर येते, दीड-दोन दिवसांत छत्री होऊन उघडते, तिच्याखालच्या पडद्यांतून लाखो बीजाणू वाऱ्यावर जातात आणि ती कुजून जाते. हे जंगलात, काजूच्या बागेत, बांधावर, देवराईत, कुठेही होतं. जिथे जुनं, न हलवलेलं वारूळ आहे तिथे. ज्या जागी आजीला मिळाली त्याच जागी नातीला मिळते. जागा मात्र कुणी कुणाला सांगत नाही. माझ्या आईने तिची जागा मला दाखवली ती लग्न ठरल्यावर, आणि वहिनीला अजून दाखवलेली नाही!

आता गोम कुठे आहे ती पाहा. पावसाच्या सुरुवातीला दिव्याभोवती पंखांच्या किड्यांचा पाऊस पडतो ना, ज्यांचे पंख आपण सकाळी सुपाने भरतो, ते वाळवीचे नवे राजे आणि राण्या. त्यांतली एखादी जोडी पंख गाळून जमिनीत शिरते आणि नवं घर मांडते. पण बहुतेक जातींत ही जोडी माहेरून बुरशीचं विरजण आणत नाही. तिची पहिली कामकरी पिल्लं मोठी होऊन बाहेर पडतात तेव्हा त्यांनाच कुठून तरी बीजाणू शोधून आणावे लागतात, मगच घरात पोळ्याला विरजण लागतं. आणि ही पिल्लं बाहेर पडतात नेमकी त्याच सुमाराला रोयणीवर अळमी उमलते. उमललेल्या छत्रीचे बीजाणू जमिनीवर पसरलेले असतात, त्यातलेच ती उचलतात.

बाजारात आपण काय मागतो? "मावशी, कळे दे, उमललेली नको." कळा टिकतो, शाकुतीत नीट राहतो, उमललेली काळवंडते, फाटते. कळ्यांना भाव जास्त. म्हणून पहाटे तीनला बॅटरी घेऊन माणसं रानात जातात आणि उमलायच्या आत सगळं खुडून आणतात. देठ लांब मिळावा म्हणून काही जण कोयत्याने खणतात, त्यात खालची पोळी फुटतात. मला वाटत होतं की अळंबी म्हणजे फुकटची देवाची देणगी, पाऊस पडला की येणारच. एक छत्री न उमलू देता सगळा डोंगर खुडला, तर नव्या वारुळांना विरजण आणायचं कुठून?

"मग शेती का नाही करत हिची?" माझ्या मुलीने विचारलं. बरोबर प्रश्न. बटण अळंबी, धिंगरी यांची शेती होते, दुकानात डबे मिळतात. पण रोयणीची अळमी माणसाला बाजारासाठी पिकवणं अजून जमलेलं नाही. प्रयोगशाळेत बुरशी वाढते, छत्री काही धरत नाही. ते कसब वाळवीकडेच आहे. गोवा विद्यापीठातले डॉ. नंदकुमार कामत यांनी वर्षानुवर्षं या अळम्यांचा अभ्यास केला, वर्तमानपत्रांतून लिहिलं, आणि रानातल्या अळम्या ओरबाडू नका असं परोपरीने सांगितलं. आम्ही ते लेख वाचले, "खरं आहे हो" म्हटलं आणि शनिवारी बाजारात जाऊन पुडी घेतली!

आता कायद्याचं. मला वाटलं होतं वाघ-बिबट्यांसारखी अळंबीची कुठे यादी असेल. इंग्लंडात आहे तशी. तिथे १९८१ च्या कायद्याखाली चार जातींच्या बुरश्या संरक्षित आहेत, त्या खुडणं आणि विकणं गुन्हा. त्यातली एक सिंहाच्या आयाळीसारखी पांढरी लोंबणारी, जुन्या ओक आणि बीच झाडांवर येणारी. गंमत म्हणजे तीच जात लागवड करून सर्रास विकली जाते, खाल्ली जाते; गुन्हा आहे तो रानातली तोडण्याचा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या जुन्या यादीत सहा वनस्पतींची नावं होती, अळंबी एकही नव्हती.

मग मावशीच्या जावेला का धरलं? तर ती जागेमुळे. अभयारण्यातून प्राणीच काय, कुठलीही वनउपज परवानगीशिवाय नेता येत नाही, हे याच कायद्याचं २९ वं कलम. म्हणजे तीच अळमी आपल्या बागेत मिळाली तर भाजी आणि अभयारण्याच्या हद्दीत मिळाली तर गुन्हा. सत्तरीत म्हादई आणि सांग्यात नेत्रावळी ही अभयारण्यं १९९९ साली जाहीर झाली. मावशी सत्तरीची. तिचं गाव हद्दीच्या आत गेलं तेव्हा ती तिशीची होती आणि त्याआधी वीस वर्षं आईबरोबर त्याच डोंगरावर अळमी काढत होती. त्याच कलमात असंही आहे की रीतसर काढलेली वनउपज आसपासच्या लोकांना घरच्या गरजेपुरती वापरता येते, धंद्यासाठी नाही. घरात शिजवली तर चालेल, फोंड्याला आणून मला विकली तर नाही. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला, रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचा गौण वनउपजेवरचा हक्क त्याने मानला. पण तो हक्क कागद करून, दावा लावून मिळवायचा असतो. मावशीला सही येत नाही.

मी तिला हे सगळं समजावून सांगायला गेले. शिक्षिकेची खोड! तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "टीचर, ह्या तीन आठवड्यांत माझ्या नातवंडांची पुस्तकं आणि चवथीचा बाजार होतो. तू सांग, दुसरं काय विकू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक मात्र ती स्वतःहून बोलली. तिच्या आईच्या वेळी रोयणीवरची निम्मी अळमी 'देवीची' म्हणून ठेवत. सातेरी ही आमची वारूळरूपी देवी, गोव्यात आणि सिंधुदुर्गात गावोगाव तिची देवळं आहेत आणि काही देवळांत गाभाऱ्यात वारूळच पुजलं जातं. "आता ठेवली तर मागून येणारा नेतो," ती म्हणाली. "मग मी का सोडू?" हा हिशेब तिचा चूक आहे असं कोण म्हणेल?

आणि आता माझ्या परसातली गोष्ट.

आम्ही चौदा वर्षं भाड्याच्या घरात. सासऱ्यांच्या वाटणीत गावच्या भाटातला एक तुकडा आला, तिथे दोन खोल्या बांधायचं अखेर गेल्या दिवाळीत ठरलं. तुकड्याच्या मागच्या अंगाला, जुन्या आंब्याखाली, कमरेएवढी रोयण. दरवर्षी तिथे शे-सव्वाशे अळमी येते, सासूबाई सून म्हणून आल्या तेव्हापासून. कंत्राटदाराने पाहिलं आणि वाळवीचं औषध मारणाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "हे आधी पाडायला हवं. सळईने भोकं पाडून औषध ओततो, राणी मेली की विषय संपला. नाहीतर तुमच्या चौकटी पाच वर्षांत पोकळ."

सासूबाई म्हणाल्या, "रोयणीला हात लावायचा नाही. नागपंचमीला मी तिथे दूध ठेवलंय."

आमचे हे म्हणाले, "आई, कर्ज काढून घर बांधतोय. चौकटी तुझी सातेरी देणार आहे का?"

मी मध्ये. खरं सांगू? ह्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ही वाळवी काही साधुसंत नाही, घरातलं लाकूड मिळालं तर तेही खाते. आणि आमची जागा अभयारण्यात नाही, म्हणजे रोयण पाडायला कुणाची परवानगी नको, कुणी धरायला येणार नाही. डोंगरावर मावशीच्या जावेची टोपली धरतात, आणि इथे शंभर अळम्यांचं मूळच मी औषध ओतून संपवलं तर कायदा एक शब्द बोलणार नाही. गावोगाव हेच चाललंय. भाट सपाट करून प्लॉट पाडतात, यंत्र फिरतं, वारुळं पहिली जातात. मावशी रानात खोल जाते त्यालाही हेच कारण, गावाजवळच्या रोयणी उरल्यात कुठे?

आठ दिवस घरात धुसफूस. मग मी सरांना जागेवर नेलं. त्यांनी आणि कंत्राटदाराने मिळून मार्ग काढला : रोयणीवर औषध नाही, घराच्या पायाच्या चरात आणि जोत्याभोवती मारायचं, घर रस्त्याच्या बाजूला बारा हात पुढे सरकवायचं आणि खालच्या चौकटी लाकडाऐवजी सिमेंटच्या. पुढचं अंगण गेलं. माझी तुळशीच्या बाजूला बसायला कट्टा करायची हौस होती, तीही गेली. रोयण राहील का, याची हमी कुणी दिली नाही. वाळवी पायाकडचं औषध अंगावर घेऊन गेली तर आतून संपेलही, असं औषधवाला जाताना म्हणालाच. ह्यांनी मान हलवली आणि सही केली. मी बाजू जिंकले असं मला त्या दिवशी मुळीच वाटलं नाही, बारा हातांचा भराव घालायचा खर्च माझ्या पगारातून गेलाय.

मैत्रिणींनो, बाजारातल्या अळमीबद्दल विचाराल तर मी आता काय करते ते सांगते. मोसमात एकच पुडी, आणि तीही उमललेली मागते. "उमललेलीच दे" म्हटल्यावर मावशीने माझ्याकडे वेडी झाली की काय अशा नजरेने पाहिलं, पण भावही कमी लावला. चवीत फरक पडत नाही. देठ वेगळे करून आधी परतले आणि टोप्या शेवटी घातल्या की फाटत नाहीत. माती फार असते, म्हणून पाण्यात हळद घालून दोनदा धुवायची, भिजत मात्र ठेवायची नाही, वास निघून जातो. एरवी शाकुतीच्याच मसाल्यात धिंगरी घालते. सासूबाई खातात. काही बोलत नाहीत, एवढंच.

आणि एक गोष्ट कळकळीने. मुलं पावसात अंगणातून कसल्याही छत्र्या खुडून आणतात. भांड्यात चांदीचं नाणं किंवा लसूण टाका, काळी पडली तर विषारी, ही जी घरोघरची परीक्षा आहे ती साफ खोटी आहे. किड्यांनी खाल्लेली म्हणजे चांगली, हेही खोटं. काही विषारी जातींचं विष उकळूनही जात नाही, आणि सहा-आठ तास काहीच जाणवत नाही. मग उलट्या, जुलाब, मग बरं वाटल्यासारखं होतं, आणि आत यकृत निकामी होत असतं. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन तेरा माणसं गेली, त्यात मुलं होती. ओळखणाऱ्या माणसाने ओळखलेलीच शिजवावी, आणि शंका आली तर टाकावी. पोटात गेली असेल तर उरलेला तुकडा घेऊन थेट दवाखाना.

या वर्षी पाऊस लांबला. घर जोत्यापर्यंत आलं होतं. आषाढ संपता संपता एका सकाळी सासूबाई आणि मी जागेवर गेलो तर आंब्याखाली माती फुगून तडकलेली, आणि भाल्याची टोकं वर आलेली! मोजली, एक्केचाळीस. शंभर नव्हती, पण होती. वीस काढली, हाताने, न खणता. बाकीची उमलायला ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे गेले तर एकही नाही. कुणीतरी रात्रीच सगळी नेली होती, कळ्यांसकट. मला रडू आलं. ह्यांनी कुंपणाचा खर्च विचारायला फोन लावला.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी दुसरी खेप वर आली तेव्हा त्यांनी सकाळीच जाऊन रोयणीला हळद-कुंकू लावलं, जास्वंदीचं फूल ठेवलं, दुधाची वाटी ठेवली. नागपंचमीला अजून आठवडा होता. मी म्हटलं, "आई, आज कसली पूजा?"

"आजपासून रोज," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी तेरा छत्र्या पूर्ण उघडून उभ्या होत्या. दुधाची वाटी मात्र मांजराने रिकामी केली होती.